एका अक्षराची वाटचाल : ‘फोर्ते’च्या खुणेचा इतिहास

नादाचे तीन गुण आपल्या संगीतशास्त्राने मानले आहेत : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. स्वर उंच आहे की खालचा, हे पहिल्या गुणावरून कळते. तो हळू उमटला की जोरात, हे दुसऱ्यावरून कळते. तो माणसाच्या गळ्यातून निघाला की व्हायोलिनच्या तारेतून, हे तिसऱ्यावरून. संगीत कागदावर कसे उतरले, याचा इतिहास सांगितला जातो तेव्हा तो बहुधा पहिल्या गुणाचाच इतिहास असतो. लहानमोठेपणाची कथा मागे राहते. ह्या लेखात आम्ही तीच सांगू इच्छितो. ती बव्हंशी एका अक्षराची कथा आहे. रोमन लिपीतले ‘एफ’ हे ते अक्षर; म्हणजे ‘फोर्ते’, जोराने. त्याचा जोडीदार ‘पी’, म्हणजे ‘पियानो’, हळू.

हा विषय वरवर वाटतो तितका आपल्यापासून दूर नाही. आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांजवळ गीतांच्या शब्दांची पुस्तके आहेत. क्वचित कोठे स्वरलिपीही आहे. परंतु कोणते कडवे ओठांतल्या ओठांत म्हणावे, धृपद कोठे खुलवावे, समर्पणाच्या गीताची शेवटची ओळ कशी विझत न्यावी, हे कोठे लिहिलेले असते? बहुतेक वेळा ते वृंदप्रमुखाच्या हाताच्या हालचालीत असते. तो हात थांबला की गीत उरते, पण त्याचा श्वास उरतोच असे नाही. लिहून ठेवण्याची ही धडपड ख्रिस्तसभेत फार जुनी आहे आणि आज ती संगणकापर्यंत येऊन पोहोचली आहे.

बोबड्या मठवाशाचे पत्र

स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथील बेनेडिक्टीन मठात इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नोटकर नावाचा एक मठवासी होता. बोलताना तो अडखळत असे, म्हणून त्याला ‘बाल्बुलुस’ म्हणजे बोबडा हे टोपणनाव पडले. तो ९१२ साली वारला. त्या काळी ग्रेगरीय गायनाच्या शब्दांवर ‘न्यूम’ नावाच्या लहान लहान खुणा काढीत. आवाज वर जातो की खाली येतो, एवढे त्या सुचवीत. नेमका स्वर सांगत नसत. सांक्ट गालेनच्या लेखनिकांनी ह्या खुणांजवळ बारीक अक्षरेही लिहिली. ९२० ते ९३० या दशकातले मानले जाणारे त्या मठाचे प्रसिद्ध गायनपुस्तक आजही तेथील ग्रंथालयात जतन केलेले आहे आणि त्यात ही अक्षरे पाहावयास मिळतात.

ह्या अक्षरांचा अर्थ काय, असे लांटबर्ट नावाच्या बंधूने विचारले असता नोटकरने पत्र लिहून वर्णमालेच्या क्रमाने त्यांचा खुलासा केला. ‘सी’ म्हणजे चटकन म्हणावे. ‘टी’ म्हणजे ओढून धरावे. ‘एम’ म्हणजे मध्यम राखावे, कोणतीही गोष्ट अति करू नये. आणि ‘एफ’? त्या अक्षराचा अर्थ नोटकरने कडाडत्या, दणदणीत आवाजाशी जोडला आहे. इटालियन ‘फोर्ते’शी ह्या ‘एफ’चे काही नाते नाही, हा निव्वळ योगायोग. तरीही आवाजाचा जोर दाखविण्यासाठी अक्षराचा आधार घ्यावा, ही कल्पना अकराशे वर्षांपूर्वी एका मठात लिहून ठेवली गेली होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

पुढे सुमारे सव्वाशे वर्षांनी इटलीतील आरेझ्झो येथे ग्विदो नावाच्या दुसऱ्या बेनेडिक्टीन मठवाशाने रेघांवर स्वर लिहिण्याची पद्धत सुव्यवस्थित केली. पूर्वी न ऐकलेले गीत मुलांना पाहून म्हणता येऊ लागले. पोप एकोणिसावे जॉन यांनी त्याला रोमला बोलावून घेतले आणि पद्धतीची प्रचीती पाहिली. ग्विदोने ‘फा’ स्वराच्या रेघेला तांबडा रंग दिला आणि रेघेच्या आरंभी ते स्वरनाम दर्शविणारे अक्षर ठेवण्याचा प्रघात पडला. ते अक्षर होते ‘एफ’. आज ऑर्गनवादक डाव्या हाताच्या ओळीवर जी वळणदार खूण पाहतो, ती त्याच ‘एफ’चे बदलत गेलेले रूप आहे.

अशा रीतीने ‘एफ’ हे अक्षर जोराचे न राहता उंचीचे झाले. रेघांची पद्धत जसजशी पसरली तसतशी सांक्ट गालेनची अक्षरे मागे पडली. स्वर नेमका झाला. तो कसा म्हणावा, ही माहिती मात्र पानावरून उतरली. ती मठाच्या परंपरेत, शब्दांच्या अर्थात आणि उपासनेच्या ऋतूत राहिली. आगमनकाळाची आर्तता आणि पुनरुत्थानाच्या सणाचा हर्ष यांतला फरक गायकाला कागदाने सांगावा लागत नसे. रोज सात वेळा एकत्र प्रार्थना करणाऱ्या मंडळीला त्याची गरजही नव्हती.

व्हेनिसमधील दोन वृंद

गरज निर्माण झाली ती व्हेनिस शहरात. सेंट मार्कच्या भव्य मंदिरात गायक-वादकांचे दोन वृंद वेगवेगळ्या ठिकाणी उभे करून एकमेकांना उत्तर देत गाण्याची पद्धत सोळाव्या शतकात भरास आली होती. तेथील ऑर्गनवादक जोव्हान्नी गाब्रिएली याने १५९७ साली ‘साक्रे सिम्फोनिए’ हा संग्रह छापला. त्यात ‘सोनाता पियान ए फोर्ते’ म्हणजे ‘हळू आणि जोराची सोनाता’ ही वाद्यांसाठीची रचना आहे. पहिल्या वृंदात कॉर्नेट हे जुन्या घडणीचे सुषिरवाद्य व तीन ट्रॉम्बोन, दुसऱ्यात व्हायोलिनच्या जातीचे एक वाद्य व तीन ट्रॉम्बोन. एकच वृंद वाजत असेल तेव्हा ‘पियान’ आणि दोन्ही एकत्र आले की ‘फोर्ते’, असे शब्द प्रत्येकाच्या वहीत छापलेले होते. लहानमोठेपणाच्या छापील खुणांच्या सर्वांत जुन्या उदाहरणांत ह्या रचनेची गणना होते.

येथे एक बारकावा पाहिला पाहिजे. त्या काळी वादकाच्या हाती संपूर्ण रचना नसे. त्याच्यापुढे फक्त त्याच्या वाद्याची वही असे. समोरच्या सज्जातील मंडळी केव्हा सामील होणार, हे त्याला वहीवरून कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून शब्द छापावा लागला. एकट्या गायकाला ‘आता हळू म्हण’ असे कागदाने सांगण्याचे फारसे कारण नसते. तो आपल्या मनाने गातो. जेथे अनेकांनी, दूर दूर उभे राहून, एकमनाने गावयाचे असते तेथेच ह्या खुणेचे काम पडते. आमच्या मते ह्या इतिहासाचे सार एवढेच आहे : लहानमोठेपणाची खूण मंडळीसाठी जन्मली.

पुढील वाटचाल वेगाने झाली. शब्दांची अक्षरे झाली. रोमचा संगीतकार दोमेनिको मात्सोक्की याने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या रचनांना जोडलेल्या निवेदनात अशा अक्षरांचा उलगडा केला. १७०० साली फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या वाद्यांची यादी झाली. तीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने घडविलेल्या, हळू आणि जोराने वाजू शकणाऱ्या एका नव्या वाद्याची नोंद आहे. त्या वर्णनातूनच ‘पियानोफोर्ते’ हे नाव रूढ झाले आणि कालांतराने त्यातला ‘हळू’ एवढाच शब्द वाद्याचे नाव म्हणून उरला. पॅरिसमध्ये १७१२ साली छापलेल्या जोव्हान्नी आन्तोनियो पियानी याच्या व्हायोलिनच्या सोनातांत आवाज हळूहळू वाढविण्याची व उतरविण्याची निमुळती खूण आढळते. केसांत खोवण्याच्या आकड्यासारख्या दिसणाऱ्या दोन रेघा उघडत गेल्या की आवाज वाढवायचा, मिटत गेल्या की उतरवायचा. आजची ही खूण त्याच कुळातली.

ही अक्षरे पानावर उमटत कशी, हेही सांगितले पाहिजे. अठराव्या शतकापासून संगीत छापण्यासाठी कथिलाच्या मिश्रधातूचे मऊ पत्रे वापरीत. कारागीर स्वरांची टोपणे, किल्ल्या आणि ‘पी’, ‘एफ’ ही अक्षरे पोलादी ठशांनी त्यावर ठोकी आणि उघडत्या-मिटत्या रेघा कोरणीने काढी. हे सारे उलटे, आरशातल्या प्रतिमेप्रमाणे. जाड-बारीक वळणाचे, किंचित उजवीकडे कललेले ते ‘एफ’ ह्या ठशांमुळेच डोळ्यांच्या ओळखीचे झाले.

एकोणिसाव्या शतकात अक्षरांची भरती आली. एका ‘पी’ने भागेना, तेव्हा दोन आले, तीन आले. चायकोव्हस्की याने १८९३ सालच्या आपल्या सहाव्या सिंफनीच्या पहिल्या भागात बसूनवादकासाठी सलग सहा ‘पी’ लिहिले आहेत. इतके हळू त्या वाद्यावर वाजविणे जवळजवळ अशक्य. म्हणून अनेक संचालक तेवढे चार स्वर बास क्लॅरिनेटवर वाजवून घेतात. हे अक्षर एखाद्या मापासारखे मोजता येत नाही, हेच यावरून दिसते. ‘फोर्ते’ म्हणजे किती जोरात? उत्तर दालनावर, वाद्यावर, आधी काय वाजले यावर आणि माणसांवर अवलंबून असते.

स्वर की आज्ञा?

रेघांवर लिहिताना स्वर हा ठिपका असतो आणि जोर हे अक्षर असते. दोहोंत गोंधळ होत नाही. परंतु रेघांचे संगीत छापणे खर्चाचे काम होते आणि सर्वांना ते वाचता येत नसे. म्हणून स्वरही अक्षरांनीच लिहावेत, असा विचार पुन्हा पुन्हा पुढे आला. तो आला की ‘एफ’पुढे एक पेच उभा राहतो. पानावर ‘एफ’ दिसले तर ते ‘फा’ समजावे की ‘फोर्ते’? स्वर की आज्ञा?

इंग्लंडमध्ये सेरा ग्लोव्हर ह्या शिक्षिकेच्या पद्धतीवर आधारून जॉन कर्वेन ह्या प्रॉटेस्टंट पाळकांनी १८४० नंतर ‘टॉनिक सोल-फा’ रूढ केले. डो, रे, मी, फा यांची आद्याक्षरे, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि उभ्या रेघा एवढ्या साहित्यावर सारे गीत उभे राही. साध्या छापखान्यातही ते जुळविता येई. कारखान्यातील मजूर आणि रविवारच्या शाळेतील मुले त्यावरून चार आवाजांत गाऊ लागली आणि मिशनऱ्यांबरोबर ती पद्धत दूरच्या देशांत गेली. तेथे ‘एफ’ म्हणजे फा. मग फोर्तेसाठी त्यांनी जागा बदलली. जोराची अक्षरे स्वरांच्या ओळीत न छापता ओळीच्या वर, तिरप्या वळणात छापली जाऊ लागली. जागा आणि वळण यांनी अर्थ वेगळा झाला.

लुई ब्रेल याची अडचण याहून कठीण होती. १८०९ साली फ्रान्समध्ये जन्मलेला आणि बालपणीच दृष्टी गमावलेला हा श्रद्धाळू कॅथलिक तरुण पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. १८२९ साली त्याने उठावाच्या ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली तेव्हा तिच्या नावातच शब्दांबरोबर संगीताचा व चर्चच्या साध्या गायनाचा उल्लेख होता. आज रूढ असलेल्या ब्रेल संगीतलिपीत अक्षरांचेच ठिपके स्वरांचे काम करतात. ‘एफ’ अक्षराचे जे ठिपके तेच ‘मी’ ह्या स्वराचे. बोटांखाली ना रंग, ना वळण, ना वर-खालची जागा. सारे एकाच ओळीत. मग पेच सुटावा कसा? अक्षराच्या आधी एक स्वतंत्र खूण ठेवून. तीन, चार आणि पाच या क्रमांकांचे ठिपके आले की वाचणाऱ्याने समजावे, आता येणार तो स्वर नव्हे, शब्द आहे. त्या मागोमाग ‘एफ’ आले तर ते फोर्ते. आवाज वाढविण्याच्या खुणेचेही तसेच. डोळसाला उघडत जाणाऱ्या रेघा एका दृष्टिक्षेपात दिसतात; बोटांना त्या दिसत नाहीत. म्हणून कोठे आरंभ आणि कोठे अंत, हे दोन वेगळ्या खुणांनी सांगावे लागते.

हा उपाय आम्ही थोडा विस्ताराने सांगितला, कारण संगणकाची स्थिती त्या अंध वाचकासारखीच आहे. त्यालाही पान दिसत नाही. त्याच्यापुढे एकामागून एक अक्षरे येतात आणि प्रत्येकाचा अर्थ त्याला आधी सांगितलेल्या नियमानेच लावावा लागतो.

संगणकाच्या दारात

१९६० नंतरच्या दशकात संगणकाला संगीत शिकविण्याचे प्रयत्न झाले. १९६४ साली बॅरी ब्रुक आणि मरे गुल्ड यांनी ‘प्लेन अँड ईझी कोड’ मांडला. जुन्या हस्तलिखितांच्या सूचीत प्रत्येक रचनेचे पहिले काही स्वर साध्या टंकलेखन यंत्रावर नोंदता यावेत, हा त्यामागचा हेतू. त्यात स्वराची उंची व काल यांना अक्षरे आणि आकडे मिळाले. लहानमोठेपणाला मिळाले नाहीत. नवव्या-दहाव्या शतकांनंतर जे घडले तेच येथे पुन्हा घडले : आधी उंची, आणि जोर नंतर.

१९७८ साली अमेरिकेतील गणिती डॉनल्ड नूथ यांनी गणिताची पुस्तके नेटकी छापता यावीत म्हणून ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली. साध्या मजकुरात आज्ञा लिहायच्या आणि यंत्राने त्यांवरून पान जुळवायचे, ही तिची रीत. नूथ स्वतः ऑर्गन वाजवितात. परंतु संगीतासाठी ही रीत वापरली ती इतरांनी. १९८७ साली जर्मनीतील बॉन येथे आंद्रेआ स्टाइनबाख व अँगेलिका शोफर यांनी ‘म्यूटेक’ रचले. पुढे फ्रान्समधील शास्त्रज्ञ दानिएल तोपँ यांनी तीच दिशा धरून अनेक ओळींचे संगीत लिहिता येईल असे ‘म्यूझिकटेक’ तयार केले. ते लिहिणे क्लिष्ट होते, म्हणून डॉन सायमन्स यांनी ‘पीएमएक्स’ हा सोपा मार्ग काढला. त्यात ‘डी’ हे मोठे अक्षर आधी लिहून त्याला ‘एफ’ जोडले की फोर्ते होते. ब्रेलच्या तीन ठिपक्यांची जागा येथे एका अक्षराने घेतली.

इंग्लंडमधील ख्रिस वॉल्शॉ यांना लोकगीतांच्या चाली टिपून ठेवण्याचा छंद होता. त्यातून ‘एबीसी’ ही लेखनपद्धत निघाली आणि १९९३ साली तिच्यावरून पान छापणारी आज्ञावली आली. तीत ‘एफ’ हा सरळसरळ स्वर आहे. फोर्तेसाठी ते अक्षर दोन उद्गारचिन्हांच्या मध्ये कोंडतात आणि स्वराच्या आधी ठेवतात.

१९९६ साली हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतकारांनी ‘लिलीपाँड’ ह्या आज्ञावलीस आरंभ केला. संगणकाने छापलेली संगीताची पाने त्यांना निर्जीव वाटत. पत्र्यावर ठसे ठोकणाऱ्या जुन्या कारागिरांची पाने आदर्श मानून तसेच भरदार रूप यंत्राकडून काढून घ्यावे, हा त्यांचा ध्यास. ही आज्ञावली कोणालाही मोफत मिळते. तिच्यात स्वर रोमन अक्षरांनी लिहितात आणि काल आकड्याने : चार म्हणजे पाव स्वर, आठ म्हणजे त्याचा निम्मा. ‘एफ’ एकटे आले तर फा. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, आली तर फोर्ते. ‘एबीसी’त खूण स्वराच्या आधी येते, येथे ती स्वराच्या मागे चिकटते. फा हा स्वरच जोराने म्हणायचा असेल तर ‘एफ’, चार, तिरकी रेघ, ‘एफ’ असे लिहावे लागते. एकच अक्षर दोनदा : आधी स्वर म्हणून, मग आज्ञा म्हणून.

आवाज वाढविण्यासाठी त्याच तिरक्या रेघेपुढे गणितातले ‘पेक्षा लहान’चे चिन्ह ठेवतात. ते चिन्ह उजवीकडे उघडते, म्हणजे पानावरच्या उघडत्या रेघांसारखेच दिसते. उतरविण्यासाठी ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह. जेथे थांबायचे तेथे तिरकी रेघ आणि उद्गारचिन्ह, किंवा नवी ‘पी’-‘एफ’ची खूण. आरंभाची खूण दिली आणि अंताची विसरली तर रेघा कोठे मिटवाव्यात हे यंत्राला कळत नाही आणि ते तक्रार नोंदविते. ब्रेलचा जुना नियम येथे नव्या वेशात भेटतो.

गायकवृंदासाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. वाद्यांच्या संगीतात ही अक्षरे ओळीखाली छापतात. गीतात ओळीखाली शब्द असतात. तेथेच ‘एफ’ घुसले तर शब्द आणि खूण एकमेकांत मिसळतात. म्हणून गायनाच्या पानात ती ओळीच्या वर ठेवण्याचा संकेत आहे आणि लिलीपाँडमध्ये त्यासाठी आरंभी एक आज्ञा दिली की पुढच्या साऱ्या खुणा वर जातात. पियानो-ऑर्गनसाठी उजव्या व डाव्या हाताच्या ओळींच्या बरोबर मध्ये त्या ठेवता येतात, कारण तेथे खूण दोन्ही हातांची असते.

ही आज्ञावली लिहिलेले संगीत वाजवूनही दाखविते. तेव्हा मात्र तिला फोर्तेसाठी एक ठराविक मापच घ्यावे लागते. यंत्राचे फोर्ते लहान प्रार्थनामंदिरात आणि मोठ्या चर्चमध्ये सारखेच. मनुष्याचे तसे नसते, नसावेही. खूण यंत्राने नीट जागी ठेवावी. तिचा अर्थ मात्र वृंदप्रमुखाने कानाने ठरवावा, हेच योग्य.

ग्रेगरीय गायनासाठी फ्रान्समध्ये २००६ पासून ‘ग्रेगोरियो’ ही वेगळी आज्ञावली घडत आली. तीत लॅटिन शब्दाचे अवयव मोकळे लिहितात आणि त्यांचे स्वर कंसात. कंसाबाहेरचे ‘एफ’ हा शब्दाचा भाग, कंसातले ‘एफ’ ही रेघांवरची एक पायरी. फोर्तेचा तेथे प्रश्नच येत नाही, कारण त्या गायनाच्या पानावर फोर्ते नसतेच. जेथे रोजच्या सहवासाने मंडळी एकमन झाली होती तेथे खुणेची गरज नव्हती, आणि यंत्रानेही ते मौन तसेच राखले आहे.

आपल्या गीतांचे काय?

अक्षरांनी स्वर लिहिणे आपल्याला नवे नाही. पंडित भातखंडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेली लिपी हीही अक्षरांचीच. सा, रे, ग, म ही अक्षरे, सप्तकासाठी वर-खाली बिंदू, कोमल स्वरासाठी खाली आडवी रेघ, तालाच्या खुणा. फोर्ते-पियानोच्या तोडीची खूण मात्र त्या मूळ चिन्हांत नाही. त्याचे कारण उघड आहे. ते गायन मुख्यतः एकट्याचे, गुरुमुखातून आलेले. तेथे लहानमोठेपणा गायकाच्या प्रतिभेवर सोपविलेला असतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणाचेही तसेच झाले. ओव्यांचा पाठ लिखाणातून आपल्यापर्यंत आला. गाण्याची रीत कंठातून.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. लोकभाषेला उपासनेत स्थान मिळाले आणि ज्या त्या प्रदेशाच्या संगीतपरंपरेचा आदर करण्यास सांगण्यात आले. त्यानंतरच्या दशकांत मराठी मिस्साबलीसाठी गीतांचे मोठे भांडार उभे राहिले. त्यांचे शब्द पुस्तकांत आहेत. चाली गळ्यांत आणि ध्वनिफितींत आहेत. परंतु ही गीते एकट्याची नाहीत. ती वीस-तीस जणांच्या वृंदाची आणि त्यांच्यामागे बसलेल्या सबंध मंडळीची आहेत. आपण भारतीय रागात गातो, पण गाब्रिएलीच्या वृंदासारखे अनेक जण मिळून गातो. म्हणूनच भातखंडे-लिपीत जी उणीव भासत नाही ती आपल्या गीतांना भासते. पवित्र शुक्रवारी क्रूसाच्या वंदनाच्या वेळी एक बाक कुजबुजत आणि दुसरा बाक गर्जत असेल, तर तो दोष गळ्यांचा नाही. दोघांपुढे एकच पान आहे आणि पानावर खूण नाही.

ह्या कामी साध्या मजकुरात लिहिलेल्या संगीताचा एक मोठा लाभ आम्हांस दिसतो. ते चित्र नसते, अक्षरे असतात. उद्या ही आज्ञावली मागे पडली तरी तो मजकूर कोणत्याही संगणकावर उघडेल आणि जाणकाराला वाचता येईल. एका गीताला लागणारी जागा नगण्य असते. वृंदप्रमुखाने ठरविले की तिसऱ्या कडव्यात फोर्ते नको, पियानो हवे, तर एक अक्षर बदलायचे; सारे पान पुन्हा लिहायचे नाही. लिलीपाँडमध्ये स्वरांखाली देवनागरी शब्दही छापता येतात. मात्र जोराच्या खुणांसाठी तिच्याजवळ जी जाड-तिरपी खास अक्षरे आहेत ती मोजकीच आहेत : ‘एफ’, ‘पी’, ‘एम’, ‘एस’, ‘झेड’ अशी. ‘हळू’, ‘जोराने’ असे मराठीत लिहायचे झाले तर साध्या देवनागरी मुद्राक्षरांत, ओळीच्या वर, लिहिता येते. इटालियन अक्षरे राखावीत की मराठी शब्द घ्यावेत, हे ज्याने त्याने आपल्या वृंदाला काय कळते ते पाहून ठरवावे. व्हेनिसच्या वादकांनाही त्यांच्या स्वतःच्या भाषेतलाच शब्द दिला गेला होता, एवढे विसरू नये.

संगणक नसला तरी अडत नाही. सांक्ट गालेनच्या लेखनिकांजवळ तो नव्हता. ज्यांनी १९६० आणि १९७०च्या दशकांत आपल्या चर्चमध्ये पहिली मराठी गीते बसविली किंवा गायली, त्यांतील अनेक जण आज आपल्यात नाहीत. जे आहेत ते वयोवृद्ध आहेत. ती गीते त्यांनी कशी म्हटली हे त्यांना ठाऊक आहे. धर्मग्रामातील तरुणांनी गीतांचे पुस्तक आणि शिसपेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जावे, एकेक गीत त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे आणि प्रत्येक ओळीवर एक अक्षर लिहीत जावे. संगणकावर उतरविण्याचे काम नंतर सवडीने होईल. पेन्सिलीचे काम मात्र त्यांच्या हयातीतच व्हावयास हवे.